उत्तर: नागपूरजवळच्या बेसा भागात आल्यावर वीज, पाणी, गॅस

ताई, पुण्याहून बेसाला फ्लॅट घेतला आणि वीजबिल जुन्या मालकाच्याच नावावर चालू ठेवू का, असं विचारलंत. नका ठेवू. आम्ही दोन वर्षं तसंच ठेवलं आणि आधीच्या मालकाची थकबाकी आमच्याच गळ्यात आली. ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, शेवटचं बिल भरल्याची पावती मागून घ्या. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि खरेदीखत घेऊन महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. त्याच वेळी मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे, तेही बघा. इथला मे महिना पुण्यासारखा नाही, पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कूलरवर भागलं नाही की एसी लागतोच, मग भार वाढवावा लागतो.

पाण्याचं मात्र खोदून खोदून विचारा. बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहरातल्या नातेवाइकांचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही. नळ आहे की बोअर, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे बिल्डरला नाही, शेजारच्या काकूंना विचारा. कूलरलाही रोज पाणी लागतं.

गॅसचं सोपं आहे: सिलिंडर-रेग्युलेटर पुण्यातच जमा करून ट्रान्स्फरचा कागद घ्या, इथल्या एजन्सीत दाखवा.