लोखंड-गंधक तापवूनही गोळा चुंबकाला चिकटतोय

प्रश्न (परभणी): आठवीला मिश्रण-संयुग दाखवायचंय. लोहकीस आणि गंधक समान वजनाने घेऊन तापवलं. निळी ज्योत, ठसका लावणारा धूर, आणि काळा गोळा चुंबकाला चिकटतोच; संयुग झालं असतं तर चिकटायला नको होता. गंधक कृषी सेवा केंद्रातलं, कीस लेथवरचा.

उत्तर १: सर, फवारणीचं ८०% गंधक वापरूच नका, उरलेले २०% इतर घटक असतात. शुद्ध गंधकाची भुकटी आणा. लोह-गंधकाचं वजनी प्रमाण ७:४ (अणुभार ५६:३२). परीक्षानळीला १.४ ग्रॅम लोह, ०.८ ग्रॅम गंधक पुरे.

उत्तर २: खरी गोम किसात आहे. लेथचा कीस जाड, तेलकट. गंधक वरवर लागतं, आत लोखंड तसंच राहतं. बारीक, बिनगंजाचा घ्या, खलात एकजीव करा. नळीच्या तोंडाला काचलोकरीचा बोळा लावा, म्हणजे गंधकाची वाफ बाहेर येऊन पेटणार नाही. तो ठसका सल्फर डायऑक्साइडचाच. तळ तापवा. लाली दिसताच दिवा काढा. ती आपोआप वर सरकते. मुलांना हेच दाखवा, उष्णता आता अभिक्रियेतूनच येतेय!

उत्तर ३: मिश्रण आणि संयुग यांतला फरक आम्लानेही दाखवता येतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल दोन थेंबच, तेही खिडकीपाशी. मिश्रणातून हायड्रोजन, संयुगातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो विषारी आहे, मुलांना हुंगू देऊ नका.