ध्वनिवर्धक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर की स्पीकर?

दादरकर_अनुवादक: घरगुती सबवूफरच्या, म्हणजे अगदी खालचे स्वर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरच्या, माहितीपुस्तिकेचे भाषांतर करताना एका वाक्यावर अडलो आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा आधी सबवूफरला आणि तेथून पुढे स्पीकरला न्याव्यात, एवढाच आशय आहे. परंतु कोशात अ‍ॅम्प्लिफायरला ध्वनिवर्धक म्हटले असले, तरी बातम्यांत मंडपातला भोंगाही ध्वनिवर्धकच असतो. ‘ध्वनिवर्धकाच्या तारा ध्वनिवर्धकाला जोडा’ हे कोणाला कळणार?

शुद्धलेखनी: वाढवतो तो वर्धक आणि फेकतो तो क्षेपक. स्पीकरला ध्वनिक्षेपक म्हणावे, म्हणजे घोळ मिटला.

माहीमचा_बोका: मिटला कसा? गिरगावातल्या कितीतरी सभांत वक्ते ‘ध्वनिक्षेपकासमोर’ उभे राहतात, तो मायक्रोफोन असतो. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर ध्वनी वाढवतच नाही. तो विद्युत संकेत वाढवतो आणि ध्वनी पुढे स्पीकरच्या पडद्यातून निघतो.

लॅमिंग्टन_रोड: आमच्याकडे गिऱ्हाईक ‘अ‍ॅम्प’ आणि ‘सब’ मागते, तेच लिहा. खरा धोका ‘जोडा’ या शब्दात आहे. सबमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प असेल, तर तो त्या तारांमधून नाममात्र प्रवाह घेतो. पण अ‍ॅम्प नसलेला ८ ओहमचा सब ८ ओहमच्या स्पीकरला थेट समांतर जोडला, तर अ‍ॅम्पवर ४ ओहमचा भार येतो आणि तो भार न पेलणारा अ‍ॅम्प तापतो. शाळेतले ‘एकसर’ व ‘समांतर’ हे शब्द येथे वापरलेच पाहिजेत.

षड्जपंचम: सबवूफरला ‘खर्जक’ का म्हणू नये? षड्जाचाच खर्ज झाला. काळी एकच्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरणाऱ्या, गायकाचा मंद्र (खालच्या सप्तकातला) षड्ज सुमारे ६९ हर्ट्झला येतो आणि सब साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचाच भाग सांभाळतो. इंग्रजीत खालच्या स्वरांचा स्पीकर तो वूफर, हा शब्द कुत्र्याच्या भुंकण्यावरून आणि वरच्या स्वरांचा तो ट्वीटर, हा पाखराच्या चिवचिवाटावरून आला. त्यापेक्षा आपला तंबोरा बरा.

शुद्धलेखनी: खर्जक सुरेख आहे! मात्र वूफर जर खर्जक, तर सबवूफर उपखर्जक झाला पाहिजे.

माहीमचा_बोका: उपखर्जक म्हणजे दुय्यम दर्जाचा वाटतो, जसा उपसंपादक.

दादरकर_अनुवादक: माझे वाक्य अजून तसेच आहे. तूर्त लॅमिंग्टन रोडचे ‘अ‍ॅम्प’ घेऊ का?

लॅमिंग्टन_रोड: घ्या, आणि सब कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा. खर्जक मात्र पटत नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे १०४ हर्ट्झला लागते, म्हणजे तिचा मूळ स्वर मुख्यतः स्पीकरमधूनच येणार.

षड्जपंचम: मग पखवाजाचा धूम घ्या.