शिस्त नाही की सवड नाही?

रस्त्यावरच्या बेशिस्तीचा विषय निघाला की ‘आजकालच्या पोरांना शिस्तच नाही, शाळा-कॉलेजात व्याख्यानं ठेवा’ असं म्हणतात. ते अर्धंच पटलं. कुठली पोरं?

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा, वय वीस, रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याच्या हेल्मेटचा बक्कल तुटलाय, पट्ट्याला सुतळीची गाठ मारलीय. दिवसा तेच हेल्मेट धाकटा भाऊ घालतो. मी म्हटलं, "अरे, आयएसआयचं चांगलं घे ना एखादं." तर म्हणाला, "काका, आधी मागचा टायर." टायर बघितला, पार गुळगुळीत! उलट्या बाजूने गाडी घालतो म्हणून त्याला झापलंही. त्याचं म्हणणं, पुढचा यू-टर्न दीड किलोमीटरवर, तेवढ्यात एक ऑर्डर जाते. चूक ती चूकच, पण हिशोब कळला.

आता दुसरं टोक. मे २०२४, पुण्यातलं कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, महागडी पोर्शे गाडी, तिच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध! (पुढे त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, पण ओरड झाल्यावर.) मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं: अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. कागदावर सगळ्यांना सारखंच. पण पोर्शेवाल्या घरात २५ हजार म्हणजे काय, आणि वॉचमनकाकांसारख्या घरात काय? तिथे तर दोन महिन्यांचे पगार जातील.

शाळा-कॉलेजात व्याख्यानं जरूर ठेवा. फक्त वॉचमनकाकांचा हा पोरगा बारावीनंतर कॉलेजात गेलेलाच नाही.