स्टोनहेंजला सूर्योदयाच्या रात्री ढोल-ताशा घेऊन जावं का?

वेशीबाहेरची

आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर २० जूनच्या रात्रीचा बेत शिजतोय. मिनीबस करून स्टोनहेंजला जायचं, रात्रभर जागायचं आणि सूर्य वर आला की ढोल-ताशा वाजवायचा, लेझीम खेळायची, व्हिडिओ काढायचा. माझा याला विरोध आहे. गटावर चार ओळींत तो मांडता येईना, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टोनहेंज म्हणजे दक्षिण इंग्लंडमधलं प्रचंड उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी या दगडांच्या मधोमध उभं राहिलं की सूर्य ईशान्येला, हील स्टोन या वर्तुळाबाहेरच्या एकट्या दगडाच्या बाजूने उगवताना दिसतो. एरवी दोरीपलीकडून बघायचे दगड त्या रात्री सगळ्यांसाठी मोकळे असतात. २० तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास आत सोडतात आणि २१ ला सकाळी आठच्या सुमारास मैदान रिकामं करतात. प्रवेश फुकट, पार्किंगला पैसे. गर्दी हजारोंची असते. २०२५ साली पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती.

यातली बरीचशी नुसती बघायला येतात. पण त्यांच्यातच पेगन लोक असतात, म्हणजे ख्रिस्तपूर्व परंपरांवरून प्रेरणा घेणारे निसर्गपूजक, ड्रुइड आणि विक्का अशा पंथांचे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचं असं देऊळ नसतं. उघड्यावर वर्तुळ करून उभं राहायचं, चार दिशांना आवाहन करायचं, सूर्याला सामोरं जायचं, ही त्यांची पूजा. वर्षातून आठ सण, त्यातला हा एक मोठा.

सूर्योदयाआधीचा अर्धा तास मी तिथे उभी राहून पाहिलाय. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई पांढऱ्या झग्यात, हातात ओकची डहाळी घेऊन डोळे मिटून उभी होती. तिच्या खांद्यावरून हात लांबवून एक जण मोबाइल धरून होता, आणि त्याचा मित्र त्याला ओरडून सांगत होता, ‘हिलाच घे, हिलाच घे.’ त्या बाईने डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलायचे थांबले.

आपण ढोल घेऊन गेलो तर याहून वेगळं काय करणार आहोत? माझं म्हणणं एवढंच: जायचं तर तिथे काय चाललंय ते समजून, कडेला उभं राहायच्या तयारीने जा. आपला कार्यक्रम करायचा असेल तर वर्षाचे बाकीचे दिवस आहेत, मोकळी मैदानं आहेत.

गाडीवान

ताई, मिनीबस मीच चालवणार आहे, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

पूर्ण असहमत. तिथे रात्रभर ढोल वाजतातच. आफ्रिकन ढोल, बोरान (आयरिश हातढोल), हातात मावेल ते घेऊन लोक दगडांच्या मध्ये वाजवत असतात. नियमांत मनाई आहे ती स्पीकर लावून वाजवायच्या संगीताला. दारूला मनाई, काचेच्या बाटल्यांना मनाई, आगीला मनाई, कुत्री आणि ड्रोन नको, दगडांवर चढू नका. हे सगळं आम्ही पाळणार. मग गोऱ्या माणसाचा ढोल चालतो आणि आपला चालत नाही, हे कशावरून?

दुसरं असं की आमच्या पथकातली मुलं इथेच जन्मलेली आहेत. स्टोनहेंज त्यांच्या शाळेच्या पुस्तकात आहे. त्यांनी स्वतःच्याच देशात पाहुण्यासारखं कडेला उभं राहावं, हे मला पटत नाही.

दगडधोंडे

पुरातत्त्वाचा अभ्यास करतो, म्हणून एका मुद्द्यावर बोलायलाच हवं. ही जागा ड्रुइडांची आणि आपण त्यांच्या घरात, असा सूर मूळ लेखात आहे. त्याला आधार नाही.

बाहेरचा चर साधारण इ.स.पू. ३००० चा. मोठे सारसन (कठीण वालुकाश्माचे) दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. ते पंधराएक मैलांवरच्या, मार्लबरोजवळच्या वेस्ट वुड्समधून आले, हे २०२० साली दाखवून देता आलं. छोटे निळे दगड वेल्सच्या प्रेसेली डोंगरांतले. आणि मधला आडवा ऑल्टर स्टोन तर थेट ईशान्य स्कॉटलंडकडचा असल्याचं २०२४ मध्ये सिद्ध झालं. ज्या ड्रुइडांबद्दल रोमन लोकांनी लिहून ठेवलंय ते यानंतर दोन हजार वर्षांनी आले. त्यांचा या दगडांशी संबंध जोडला तो सतराव्या-अठराव्या शतकात ऑब्री आणि स्टुकली या अभ्यासकांनी. आजच्या ड्रुइडांचा पहिला मोठा मेळावा इथे भरला १९०५ साली.

शिवाय जूनचा सूर्योदय हाच मुख्य सण होता, असंही खात्रीने म्हणता येत नाही. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या त्याच काळातल्या वस्तीच्या जागी डुकरांची ढिगाने हाडं मिळाली. त्यांतली बरीच जनावरं नऊएक महिन्यांची असताना मारलेली, म्हणजे वसंतात जन्मलेली आणि हिवाळ्यात खाल्लेली. मोठी जेवणावळ हिवाळ्यातली असावी. दगडांचा अक्षही दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडे जातो.

तेव्हा ही जागा कुणा एका पंथाची नाही. १९१५ मध्ये सेसिल चब यांनी ती लिलावात ६,६०० पौंडांना घेतली आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकली. सगळ्यांची आहे.

वेशीबाहेरची

दगडधोंडे, तुमची एकही तारीख मी खोडत नाही. पण माझा मुद्दा जागेच्या मालकीचा नव्हताच. ती बाई तिथे प्रार्थना करत होती. तिची प्रार्थना पाच हजार वर्षांची आहे की शंभर, याने तिच्या कानाशी ओरडायची मुभा मिळत नाही. श्रद्धा जुनी ठरली तरच आदर द्यायचा, असा हिशोब आपण कधीपासून करायला लागलो?

गाडीवान दादा, तिथे ढोल वाजतात हे खरं. पण ते एकेकटे येतात, दुसऱ्याचा ठेका ऐकतात, त्यात मिसळतात. आपलं पथक मिसळत नाही. वीस ढोल आणि सहा ताशे एकदा सुरू झाले की आजूबाजूला दुसरं काहीही ऐकू येत नाही. आपल्या ढोलाची ताकद आहे ती, आणि मला ती आवडते. म्हणूनच तिथे नको म्हणतेय.

रातराणी

मी गेली बरीच वर्षं पेगन मेळाव्यांना जाते. देवघरात माझी अंबाबाईही आहे. दोन्ही बाजूंचं वाचून लिहितेय.

स्टोनहेंजची ती रात्र म्हणजे पूजा असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, माझ्या ओळखीचे अनेक पेगन त्या रात्री तिथे फिरकतही नाहीत. गर्दी, गोंगाट, पोरांचा दंगा. ते एव्हबरीच्या दगडी वर्तुळाला जातात, नाहीतर आपापल्या गावाबाहेरच्या टेकडीवर चार-सहा जण जमतात. जे स्टोनहेंजला येतात त्यांना माहीत असतं की ही जत्रा आहे. तेव्हा वेशीबाहेरची ताई, तुम्ही त्यांच्या वतीने जरा जास्तच हळव्या होताय.

पण जत्रेतही गाभारा असतोच. वर्तुळ धरलेलं दिसलं की त्याला कापून पलीकडे जायचं नाही, कडेने वळसा घालायचा. आत यायचं असेल तर वर्तुळातल्या कुणाच्या तरी नजरेला नजर द्यायची. ते हात सोडून जागा करतात. मधे ठेवलेला पेला, सुरी, काठी यांना हात लावायचा नाही, ती त्या माणसाच्या देवघरातली वस्तू आहे. फोटो विचारून. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, पण काही जणांनी घरी किंवा नोकरीच्या ठिकाणी सांगितलेलं नसतं की आपण पेगन आहोत. त्यांचा चेहरा तुमच्या रीलमध्ये गेला तर त्यांना त्रास होतो. ही गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही.

छोट्या मेळाव्याला जाणार असाल तर हात हलवत जाऊ नका. विधी झाल्यावर सगळे मिळून खातात, आपला डबा आणि आपला पेला न्यायचा. मी शेंगदाण्याचे लाडू नेते, पण आधी सांगते, कारण इथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारे बरेच असतात. आणि देवाला वाहायचं ते मातीत जिरेल असंच. एव्हबरीजवळच्या वेस्ट केनेटच्या प्राचीन थडग्यात लोक छोट्या मेणबत्त्या लावून येतात, त्यांच्या आचेने आणि काजळीने आतले दगड खराब झालेत. एव्हबरीच्या झाडांना नायलॉनच्या फिती बांधलेल्या असतात. हे करणारे श्रद्धावानच असतात. त्यावर पेगन लोक स्वतःच आपापसात भांडतात आणि जाऊन साफसफाईही करतात.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरचा आहे, त्यामुळे किरणोत्सव आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरून पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर आणि पुढच्या दोन दिवसांत वर वर जात चेहऱ्यापर्यंत पोचतात. ती काही मिनिटं देवळात हजारो माणसं असतात आणि सगळ्यांची नजर एकाच उजेडाच्या पट्ट्यावर असते. त्या क्षणी कुणी परदेशी पथकाने येऊन, कितीही प्रेमाने, आपलं वाद्य सुरू केलं तर? मला नाही चालणार. मग दगडधोंडे, ‘देऊळ सरकारी समितीकडे आहे, सगळ्यांचं आहे’ हा खुलासा मला पटेल का?

वेशीबाहेरची यांना +१.

गाडीवान

तुलना पटली नाही. देवळात पूजेचा क्रम आहे, पुजारी आहेत. स्टोनहेंजला त्या रात्री कुणाचाच ताबा नाही, आणि तो नसावा म्हणूनच माणसांनी मार खाल्लाय.

१९७४ पासून तिथे दरवर्षी मोफत जत्रा भरायची. १ जून १९८५ ला तिकडे निघालेल्या गाड्यांचा ताफा पोलिसांनी अडवला, शेतात घुसवून गाड्यांच्या काचा फोडल्या, पाचशेहून जास्त लोकांना पकडलं. बीनफील्डची लढाई म्हणतात त्याला. पुढे कित्येक वर्षं त्या दिवसांत दगडांभोवती चार मैलांची बंदी असायची. १९९५ मध्ये रस्त्याकडेच्या गवतावर शांतपणे उभ्या राहिलेल्या लोकांना पकडलं. तो खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर २००० साली हा खुला प्रवेश सुरू झाला. लढणाऱ्यांत ड्रुइड होते, भटके होते, संगीतवाले होते आणि कुठल्याच पंथाचे नसलेलेही होते. स्वतःला राजा आर्थर म्हणवणारे आर्थर पेंड्रॅगन अजूनही पार्किंगच्या पैशांविरुद्ध भांडतात, कारण पैसे लावले की गरीब माणूस गळतो.

इतकं करून उघडलेल्या दारात आता आपणच आपल्याला ‘कडेला उभे राहा’ सांगायचं?

वेशीबाहेरची

तो लढा मलाही मोठा वाटतो. पण तो आत येण्यासाठी होता, इतरांचा आवाज बुडवण्यासाठी नव्हता.

आणि दगडधोंडेंनी एक गोष्ट गाळली ती मी सांगते. सुरुवातीची काही शतकं ही अस्थी पुरायची जागा होती. कडेच्या ५६ खड्ड्यांत आणि आजूबाजूला जळालेल्या माणसांची हाडं सापडली आहेत. आपल्याकडे अशा जागेत आपण कसे वागतो?

दगडधोंडे

गाळली खरी, कारण तिथून थेट आजच्या शिष्टाचारावर उडी मारता येत नाही. ज्या लोकांनी अस्थी पुरल्या त्याच लोकांच्या वंशजांनी शेजारी डुकरं भाजून मोठ्या जेवणावळी घातल्या. शांतता पाळायची ही आपली स्मशानाची कल्पना आहे. त्यांची काय होती ते दगड सांगत नाहीत.

मात्र एका बाबतीत मी वेशीबाहेरची यांच्याबरोबर आहे. त्या दगडांवर दुर्मीळ दगडफूल वाढतं आणि ते हाताच्या घासण्याने जातं. लेझीम खेळायला मधल्या वर्तुळात पुरेशी जागा नाही. माणसं मागे ढकलली गेली की दगडांवरच रेलतात. नाचायचं तर बाहेरच्या गवतावर, चांगलं पन्नास पावलं लांब.

अर्धी झोप

वाद चालू द्या, पण लहान मुलांना नेणाऱ्यांसाठी लिहिते, कारण गटावर कुणीच हे बोलत नाहीये. सॉल्सबरी प्लेनवर, म्हणजे स्टोनहेंजच्या माळरानावर, जूनमध्येही पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं आणि वारा अडवायला काहीच नाही. कानटोपी, जाड मोजे, पावसाचं जॅकेट हवंच. स्लीपिंग बॅग, रजई, मोठी सॅक आत सोडत नाहीत, त्यामुळे मूल झोपलं की ते तुमच्या मांडीवरच. गाडीतळापासून दगडांपर्यंत अंधारात अर्धा तास चाल धरा, विजेरी न्या. चहा स्टीलच्या थर्मासमध्ये. सॉल्सबरी स्टेशनवरून रात्री बस असतात, त्या बऱ्या पडतात. आणि सूर्य दिसेलच असं नाही. बऱ्याचदा पाच वाजायच्या आत ढग नुसते पांढरे होतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

रातराणी

गाडीवान दादा, एक विचारते. मेळाव्यात नवं वाद्य आणणारा माणूस वाजवणाऱ्यांपाशी जाऊन बसतो, थोडा वेळ ऐकतो आणि मग हळूच हात घालतो. तुमच्या पथकातले दोघे-तिघे असे बसतील का? वीस ढोल नकोत. एक ढोल, एक ताशा. आणि पूर्व तांबडी व्हायला लागल्यापासून सूर्य पूर्ण वर येईपर्यंत हात थांबवायचे. तिथले जुने वाजवणारे मला ओळखतात, मी सोबत येईन.

गाडीवान

रातराणी ताई, दोन ढोल, एक ताशा. याच्या खाली नाही, मुलांनी महिनाभर सराव केलाय. पहाटे थांबायचं मान्य, विचारून बसायचं मान्य. सूर्य वर आल्यावर मात्र बाहेरच्या गवतावर पूर्ण पथक वाजणार, दगडधोंडे म्हणतात त्या अंतरावर.

वेशीबाहेरची

पूर्ण पथकाला माझा विरोध कायम आहे, गवतावरही. सूर्य वर आला म्हणून त्या लोकांचा विधी संपत नाही, हील स्टोनपाशी तो पुढेही चालू असतो. मी २० तारखेला बसने येतेय, सातला फाटकापाशी असेन. फोटोबद्दल रातराणी यांनी जे लिहिलंय ते मिनीबसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला आधी वाचायला द्या, एवढं तरी करा.