ढगातल्या विजेचे रेडिओ कडाके सॅटेलाइटले दोन-दोन काऊन दिसतात?

मानेवाडा_गच्ची
काल संध्याकाळी नागपुरात वादळ आलं तेव्हा बाबांचा जुना मीडियम वेव्ह रेडिओ चालू होता, वीज चमकली की कडकड, चमकली की कडकड. त्यावरून वाचत बसलो तर कळलं की सॅटेलाइटवाल्यांनाही असे कडाके ऐकू येतात पण जोडीजोडीनं, एक झाला की लगेच दुसरा. वीज दोनदा कडाडते का बे? आणि हेच कडाके माझ्या रेडिओत असतात का?

तर्री_पोहा
दोनदा बिल यावं म्हणून असंल 😄

सदर_सर्किट
वीज एकदाच होते भाऊ. पहिला पल्स सरळ वर सॅटेलाइटकडे जातो, दुसरा म्हणजे तोच, पण आधी खाली जमिनीवर आपटून मग वर गेलेला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस लॅबनं ॲलेक्सिस नावाचा छोटा सॅटेलाइट सोडला, त्यावर ब्लॅकबिअर्ड नावाचा रिसीव्हर होता, त्यात हे पहिल्यांदा सापडलं (सोडतानाच त्याचं एक सोलर पॅनल मोडलं, दोन महिने संपर्कच नव्हता, तरी जगला पठ्ठ्या). एकेक पल्स काही मायक्रोसेकंदांचा आणि दोघांत अंतर साधारण दहा ते शंभर मायक्रोसेकंदांचं. मजा तर पुढंच आहे, ह्या अंतरावरून उंची निघते. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, समजा डोक्यावरच्या सॅटेलाइटला ६७ मायक्रोसेकंदांचा फरक दिसला तर जादाचा रस्ता झाला २० किलोमीटर, जाऊन-येऊन धरला म्हणजे कडाका जमिनीपासून १० किलोमीटरवर, ढगातच. सॅटेलाइट तिरपा असला की फरक कमी दिसतो, तेवढा हिशोब लावावा लागतो.

मानेवाडा_गच्ची
अरे म्हणजे आपली जमीन आरसा झाली! मग रेडिओचं काय?

वायुसेनानगर_७३
तुमचा रेडिओ १ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकतो, तेवढ्या लहरी आयनोस्फिअर (म्हणजे हवेचा खूप वरचा, विद्युतभार असलेला थर) वर जाऊच देत नाही, परत खाली ढकलतो. म्हणून रात्री दूरची स्टेशनं लागतात ना. ब्लॅकबिअर्ड २८ मेगाहर्ट्झच्या वरचंच ऐकायचा. त्यातही आयनोस्फिअर कमी फ्रिक्वेन्सीला जास्त उशीर लावतो, म्हणून वर पोचेपर्यंत पल्स पसरतो, आधी उंच सूर मग खालचा. तो सॉफ्टवेअरनं सरळ करावा लागतो तेव्हाच जोडी नीट दिसते.

तर्री_पोहा
पण हे काय पडणाऱ्या विजेचं आहे का, घाबरायचं का?

सदर_सर्किट
नाही बा, ही जमिनीवर पडणारी नाही, ढगातल्या ढगातच होणारी छोटी वीज. प्रकाश कमी पण रेडिओत इतर विजेपेक्षा साधारण दहापट जोर. १९९७ च्या फोर्टे सॅटेलाइटवर रेडिओ आणि प्रकाश दोन्ही टिपणारी यंत्रं होती, तिथून हे पक्कं झालं. पडणारीची भीती असंल तर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाक, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं आहे. आणि मानेवाडावाले, वादळात गच्चीवर काऊन बसून राह्यले तुम्ही?

मानेवाडा_गच्ची
गच्ची फक्त नावात आहे राजेहो, मी खाली पलंगावर होतो