मदत हवी आहे: पट्टेरी पॅनचॅक्सची पिल्लं जगत नाहीत

कोकणातल्या ओहोळात सापडणारा छोटा मासा, पट्टेरी पॅनचॅक्स (अॅप्लोकायलस लिनिएटस) पाळतोय. एक नर, दोन माद्या, 60 लिटरची झाकलेली टाकी (उड्या मारतात म्हणून), पाणी विहिरीचं, तापमान 26-27 अंश. मोठे मासे ठणठणीत आहेत, डासांच्या अळ्या मिटक्या मारत खातात.

अंडी घालायला टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुपक्यावर रोज चार-पाच अंडी मिळतात. आईबापच पिल्लं खातात, म्हणून झुपका वेगळ्या टबात ठेवतो. पांढरी पडलेली अंडी काढून टाकतो, बदामाचं सुकं पानही घातलंय, त्यामुळे बुरशीचा प्रश्न सुटला. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात, अगदी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून तरंगतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र एकेक करून मरतात.

उकडलेल्या अंड्याचा बलक देऊन पाहिला, तो तळाशी बसून पाणी नासवतो. कोरडं खाद्य चुरून टाकलं, त्याला तोंड लावत नाहीत. पाणी रोज पाव भाग बदलतो, हवेचा पंप टबात नाही. आर्टेमियाची (पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून देतात त्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) अंडी आमच्या गावात मिळत नाहीत, कुरिअरने मागवली तरी आठवडा जातो.

केळीची साल किंवा पेंढा कुजवून सूक्ष्मजीवांचं पाणी करतात म्हणे. ते किती दिवस आधी लावायचं, दिवसातून किती घालायचं, आणि वरच्या थरातच राहणाऱ्या या पिल्लांपर्यंत ते पोचतं का?