सहावी-सातवीतल्या मुलांचं अडखळतं वाचन : तुमचे अनुभव सांगा

मागचा_बाक
काल भाचा (सातवी) इतिहासाचा धडा मोठ्याने वाचत होता. लांब शब्द आला की पहिली दोन अक्षरं वाचायची, बाकी अंदाजपंचे ठोकायचं आणि पुढे पळायचं. 'प्रतिनिधित्व'चं 'प्रतिनिधी', 'अप्रत्यक्ष'चं थेट 'प्रत्यक्ष'. अर्थाचा खेळखंडोबा झाला तरी गाडी चालूच. ऐकता ऐकता शाळेत माझ्या शेजारी बसणारा एकजण आठवला. ओळीने वाचायला लावलं की तो आपल्या वाट्याचा परिच्छेद आधीच मोजून ठेवायचा आणि तेवढाच मनात घोकायचा. मधे कुणी गैरहजर निघालं की बिचाऱ्याचं गणित कोसळायचं. मग हमखास "बाई, पाणी पिऊन येऊ?"
एवढ्या मोठ्या मुलांना वाचायला मदत कशी करायची? पहिलीसारखी बाराखडी तर घेता येत नाही. कुणी केलंय का?

निवांत
परिच्छेद मोजणारा तो मीच 😄 अजूनही मीटिंगमध्ये मोजतो.

खडू_डस्टर
तास आहे, पटकन लिहिते. आधी गाडी कुठे अडते ते बघा. तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं धडाधड आली तर समज चांगली आहे, अडतंय अक्षरांपाशी. ऐकूनही काही कळलं नाही तर जोडाक्षरं घोटून घेण्यात अर्थ नाही, शब्द आणि विषयच अपुरे पडताहेत. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलंय की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य.
आणि वर्गात ओळीने वाचायला लावणं बंद करा म्हणून मी स्टाफरूममध्ये घसा कोरडा केलाय. ज्याला येत नाही त्याची शोभा, ज्याला येतं त्याला झोप. बाकीचे परिच्छेद मोजतात, वर लिहिलंयच.

सानूची_आई
आमच्याकडे एकच उतारा परत परत वाचणं कामी आलं. छोटाच, शंभर-दीडशे शब्दांचा. पहिल्यांदा मी वाचते, मग दोघी बरोबर, मग ती एकटी. सोमवारी फोनवर रेकॉर्ड केलं आणि शुक्रवारी तोच उतारा पुन्हा. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर तीच म्हणाली, "ई, सोमवारी मी रोबोट होते." त्यानंतर मला मागे लागावं लागलं नाही. ही पद्धत जुनी आहे, सॅम्युएल्स या वाचन-संशोधकांनी १९७९ मध्ये लिहिली आहे. घाई मात्र करू नका. नुसतं स्टॉपवॉच लावलं की मुलं अर्थ सोडून पळतात.
बाकी कुकर झाल्यावर लिहिते.

चष्मेबद्दूर
ओळी गाळत असेल तर आधी डोळे तपासा हो. आमच्या पुतणीला नंबर निघाला. फळा दिसत नव्हता आणि सगळे तिला आळशी म्हणत होते.

खडू_डस्टर
@चष्मेबद्दूर डोळे तपासाच. पण नंबर नसूनही अडत असेल तर तिथेच थांबू नका. डिस्लेक्सिया (वाचनातली मूळची अडचण) हा डोळ्यांचा आजार नाही, बहुतेकदा आवाज आणि अक्षरं यांची सांगड बसायला अवघड जाते. बुद्धीशीही संबंध नाही. सातवीपर्यंत लक्षात न आलेली मुलं मी पाहिली आहेत. पाठांतरावर निभावून नेतात.

चष्मेबद्दूर
हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

सायकलवाला
आमचे चिरंजीव धडा म्हटलं की जांभया देतात, पण गिअरच्या सायकलची माहितीपुस्तिका पानंच्या पानं वाचतात. शब्द धड्यापेक्षा कठीण!! मला वाटायचं नाटकं करतो. पण विषय ओळखीचा असला की खरंच फरक पडतो. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आता धड्याआधी आम्ही त्या विषयावर नुसत्या गप्पा मारतो. नकाशा, फोटो, काहीही.

निवांत
@सायकलवाला गिअर कितीचे? आमच्याकडे यावरून महायुद्ध चालू आहे.

सायकलवाला
सातचे पुरतात. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

शनिवारचा_गट
इमारतीतली पाच-सहा पोरं शनिवारी जमवते. प्रत्येकाला एक काम. एकाने थोडक्यात सांगायचं, एकाने प्रश्न काढायचे, एकाने न कळलेलं शोधायचं, एकाने पुढे काय येईल ते ओळखायचं. दर परिच्छेदाला कामं बदलतात. अ‍ॅन ब्राउन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी यांनी १९८४ मध्ये सातवीच्याच मुलांवर हे करून पाहिलं होतं. वाचता येत होतं पण कळत नव्हतं, अशी ती मुलं. सुरुवातीला मीच करून दाखवायचे, नाहीतर सगळे प्रश्न "लेखकाचं नाव काय?" एवढेच. 'न कळलेलं शोधणारा' व्हायला हल्ली भांडणं होतात, कारण अडणं हेच त्याचं काम. जो एरवी तोंड उघडत नाही तो "थांबा, हे कळलं नाही" असं रुबाबात म्हणतो.

सानूची_आई
किती गोड! ऑनलाइन घेता का?

शनिवारचा_गट
नाही गं, घरातलेच आवरत नाहीत 🙈

आजोबा_उवाच
मी नातवाला अजून वाचून दाखवतो, आठवीत आहे. सूनबाई म्हणतात एवढ्या घोड्याला काय वाचून दाखवायचं. अहो, त्याला स्वतःला जमणार नाही असं पुस्तक कानावर पडतं, तेवढेच नवे शब्द. ऐन रंगात आलं की मी चष्मा सापडत नाही म्हणतो. पुढचं पान तो वाचतो.

निवांत
आजोबा __/\__

मागचा_बाक
@खडू_डस्टर तुम्ही सांगितलंत तसं आज करून पाहिलं. मी वाचलं तर सगळी उत्तरं बरोबर, वर मलाच उलटे प्रश्न. म्हणजे घोडं अक्षरांपाशीच पेंड खातंय. लांब शब्दांचं काय करू?

खडू_डस्टर
तोडून द्या. अ + प्रत्यक्ष. प्रतिनिधि + त्व. पेन्सिलीने उभी रेघ मारायची, तुकडे वाचायचे, मग सलग. रोज चार-पाच शब्द, त्याच दिवशीच्या धड्यातले. पुढचे-मागचे तुकडे तेच ते येतात, थोड्या दिवसांत तोच रेघा मारेल. आणि अडला की लगेच शब्द सांगू नका, जरा दम धरा.

चष्मेबद्दूर
ओळ गाळू नये म्हणून पट्टी धरायची तर पारदर्शक बरी की साधी?

सानूची_आई
आम्ही जुन्या वहीचा पुठ्ठा कापलाय. तो ओळीच्या वर धरायचा, खाली नाही. खाली धरला की पुढची ओळ झाकली जाते आणि नजर अडते.